तारीख जवळ आलेल्या गोळ्या

“ही पिवळी गोळी कुणी लिहून दिली?” लातूरच्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

प्रश्न माझ्या बायकोला, महानंदाला, होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. गुडघे ठोकायची रबरी हातोडी टेबलावर पडली होती, तिच्याकडे ती पाहत राहिली.

“मीच दिली,” मी म्हणालो. “माझं नायगावला मेडिकल आहे.”

“किती वर्षांपासून?”

“सव्वीस वर्षं झाली.”

“मेडिकल नाही हो. गोळी.”

“तीन वर्षं होतील.”

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग समोरचे रिपोर्ट एकावर एक ठेवून सरळ केले आणि सावकाश सांगितलं, “यांना बी-ट्वेल्व्हची कमतरता आहे, आणि ती जुनी आहे. शरीरात रक्त कमी होतं तेव्हाच ती दिसायला हवी होती. पण या पिवळ्या गोळीने, म्हणजे फोलिक अ‍ॅसिडने, रक्त भरून काढलं. हिमोग्लोबिन वाढलं, म्हणून कुणाला संशय आला नाही. नसांना मात्र फोलिक अ‍ॅसिडचा काही उपयोग नसतो. त्या आतून खराब होत राहिल्या.”

आजाराचं नाव त्यांनी इंग्रजीत सांगितलं : सबअ‍ॅक्यूट कम्बाइन्ड डिजनरेशन. पाठीच्या कण्यात मज्जारज्जू असतो. त्याच्या मागच्या भागातून हातापायांची जाणीव मेंदूकडे जाते. पाय कुठे आहे, जमीन कशी आहे, हातात काय धरलंय, हे सगळं त्या वाटेने कळतं. बी-ट्वेल्व्ह नसेल तर त्या तंतूंवरचं आवरण झिजतं आणि निरोप पोहोचत नाही.

महानंदाने एवढंच विचारलं, “माझ्या हाताला कळायला लागंल का पुन्हा?”

“आज तसं सांगणारा डॉक्टर खोटं बोलेल,” बाई म्हणाल्या. “इंजेक्शनं सुरू करू. सहा महिने बघू. काही येईल, काही येणारही नाही.”

हे ज्यांच्या हातापायाला मुंग्या येतात त्यांच्यासाठी लिहितोय. आणि जे माझ्यासारखे काउंटरच्या आतल्या बाजूला उभे असतात, त्यांच्यासाठी जरा जास्त.

औषधविक्रेत्याच्या घरात औषध कसं येतं, ते बाहेरच्यांना माहीत नसतं. लोकांना वाटतं, यांची चैन आहे, हवं ते उचलायचं. तसं नसतं. जो माल खपत नाही तो घरी येतो. कंपन्या काही माल परत घेतात. पण दहावर एक फुकट अशा योजनेत आलेल्या पट्ट्या, कंपनीच्या प्रतिनिधीने, म्हणजे एमआरने, दिलेले नमुने, हे कुणी परत घेत नाही. तारीख संपायला तीन-चार महिने राहिले की गिऱ्हाइकाला देववत नाही आणि फेकवतही नाही. आमच्या घरी फडताळात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. तो माल त्यात जायचा. घरात कुणाला काही झालं की आधी डबा उघडायचा. इतर घरांत आजार पाहून औषध येतं. आमच्याकडे औषध पाहून आजार ठरायचा.

तीन वर्षांपूर्वी महानंदाला थकवा यायला लागला. गच्चीवर वाळवण घालायला जाताना मधल्या पायरीवर ती बसायची. शेजारच्या लॅबमधून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठ पूर्णांक एक. बायकांचं रक्त कमी असतंच, असं आमच्या धंद्यात म्हणतात. जणू तो बायकांचा स्वभावच. मी डबा उघडला. त्यात लोहाच्या लाल कॅप्सूल होत्या आणि फोलिक अ‍ॅसिडच्या पिवळ्या गोळ्या भरपूर होत्या, कारण त्या वर्षी योजनेत त्या खूप आल्या होत्या. दोन्ही सुरू केल्या.

त्या रिपोर्टवर एमसीव्ही नावाची एक ओळ होती. एमसीव्ही म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशीचा सरासरी आकार. लोह कमी असेल तर पेशी लहान होते. बी-ट्वेल्व्ह किंवा फोलिक अ‍ॅसिड कमी असेल तर ती फुगते. महानंदाच्या पेशी फुगलेल्या होत्या. आकड्यासमोर मशीनने ‘एच’ छापला होता, म्हणजे जास्त. मी तो कागद पाहिला, वरची ओळ वाचली आणि घडी घालून ठेवला.

लातूरलाच मी फार्मसीची पदविका केली. पेशी फुगलेल्या असतील तर बी-ट्वेल्व्ह तपासल्याशिवाय नुसतं फोलिक अ‍ॅसिड देऊ नये, कारण रक्त सुधारतं आणि नसा बिघडतात, हा तिथे परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न होता. मी तो लिहिला होता. बहुतेक पाचपैकी चार मिळाले असतील. उत्तर पाठ असलेला माणूस स्वतःच्या घरात तेच करतो, हे मला आजही नीट समजावून सांगता येत नाही. डब्यात काय आहे, हे मी पाहत होतो. तिला काय झालंय, हे पाहत नव्हतो. याहून वेगळं कारण मला सापडलेलं नाही.

चार महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेअकराच्या पुढे गेलं. मी खूश. दुकानात येणाऱ्या दोन-चार जणांना आमच्या घरचं उदाहरणही दिलं. गोळ्या चालूच ठेवल्या, डबा भरलेला होता.

मग बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. खरं म्हणजे दिसत होत्या, आणि मी प्रत्येकीला वेगळं औषध देत होतो. तिच्या बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळी पडली. ती लिंबाच्या साली घासायची आणि भांड्याच्या साबणाला दोष द्यायची. मी मलम दिलं. तिची जीभ गुळगुळीत झाली, तिखट सोसेना. मी जिभेला लावायची जेल दिली. पायाला मुंग्या यायला लागल्या. मी कॅल्शियम दिलं, त्या महिन्यात कॅल्शियमचा माल जास्त होता. पित्ताची गोळी तर ती सात-आठ वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी घेत होती. तीही माझीच कृपा. पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी वर्षानुवर्षं घेतली की अन्नातलं बी-ट्वेल्व्ह सुटं होऊन अंगी लागणंही कमी होतं.

एकदा आठवडी बाजारातून ती घरी आली तेव्हा एकाच पायात चप्पल होती. दुसरी वाटेत कुठेतरी सुटली होती आणि तिला कळलं नव्हतं. भर उन्हात, तापल्या डांबरावरून एका अनवाणी पायाने ती चालत आली होती.

“बाजारात एवढं काय बघून राहिली होतीस?” मी विचारलं आणि हसलो. तीही हसली. तिचा तळवा भाजला होता. त्यालाही मी मलम दिलं.

याच सुमारास आमच्या जिल्ह्यातल्या औषधविक्रेत्यांनी किनवट तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत रक्तक्षय निर्मूलन शिबिर भरवलं. ॲनिमियाला मंचावर रक्तक्षय म्हणतात. निर्मूलन दुपारी दोनपर्यंत उरकायचं होतं, कारण पाहुण्यांना पुढे भोकरला दुसरं उद्घाटन होतं. वसतिगृहातल्या मुली सकाळपासून ओळीत बसलेल्या. दीप, हार, प्रास्ताविक, मनोगत. मनोगत माझं होतं. बॅनरवर माझा फोटो हिमोग्लोबिनच्या आकड्यापेक्षा मोठा होता. रक्ताकडे दुर्लक्ष करू नका, असं मी पंधरा मिनिटं सांगितलं. पुढच्या ओळीतल्या एका मुलीला बसल्या जागी भोवळ आली, तेव्हा भाषण आवरावं लागलं. शेवटी मला शाल देऊन गौरवण्यात आलं.

घरी आलो तर महानंदा भिंतीला हात लावून स्वयंपाकघरातून बाहेर येत होती. शाल तिच्या हातात दिली. ती हातातून निसटून खाली पडली. “लई गुळगुळीत हाय,” ती म्हणाली. मला ते पटलं.

खरी गोष्ट मला तिच्या मोठ्या बहिणीकडून कळली. शकुंतलाअक्का लातूरला राहतात. त्यांचं माहेर उदगीरचं, म्हणजे महानंदाचंही. अक्का चार दिवसांसाठी नायगावला आल्या आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी दुकानात येऊन उभ्या राहिल्या. गिऱ्हाइकं होती. त्यांनी वाट पाहिली नाही.

“दाजी, तुम्ही जगाला गोळ्या वाटून राहिलात आन् ही घरात भिताड धरून चालून राहिली. तुमच्या दुकानात समदं मिळतंय, नजर तेवढी मिळत न्हाई वाटतं.”

“अक्का, वय झालं की थोडं...”

“सत्तेचाळीस हे काय वय हाय का? आन् लिंग पडलं तिच्या हातून. ते तरी ठाऊक हाय का तुम्हाला?”

ते मला ठाऊक नव्हतं.

आम्ही लिंगायत. लहानपणी दीक्षा होते तेव्हा इष्टलिंग गळ्यात येतं, आणि ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं. माझ्याही गळ्यात आहे, पण पूजा माझी लग्नानंतर सुटली ती सुटलीच. महानंदाची कधी सुटली नाही. रोज सकाळी आंघोळ झाली की ती चांदीच्या डबीतून लिंग काढते, डाव्या तळहातावर ठेवते, पाणी, विभूती, बेलाचं पान वाहते, त्याच्याकडे एकटक पाहते आणि मग डोळे मिटून बसते. तिच्या दिवसातली ही पंधरा मिनिटं कुणाच्या मालकीची नसतात.

दोन महिन्यांपूर्वी डोळे मिटलेले असताना ताम्हनात टण्ण आवाज झाला. तिने डोळे उघडले तर तळहात रिकामा. हात कधी कलला, लिंग कधी घरंगळलं, काही कळलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं. आपल्या हातून काहीतरी घोर चूक घडली आहे, असं तिने धरलं. मला सांगितलं नाही, कारण मी थट्टा केली असती. ती भीती खरी होती. प्रायश्चित्त म्हणून तिने सोमवारबरोबर गुरुवारही उपास धरले. म्हणजे ज्या शरीराला आधीच काही मिळत नव्हतं, त्याला आणखी कमी मिळायला लागलं. पूजा ती डोळे उघडे ठेवून करायला लागली. डोळ्यांनी बघितलं तरच लिंग हातात आहे हे तिला कळायचं.

अक्कांनी तिला अंगणात उभं केलं. पाय जुळव म्हणाल्या, डोळे मीट म्हणाल्या. महानंदाने डोळे मिटले आणि ती वाऱ्यावरच्या दोरीवरच्या साडीसारखी हलायला लागली. अक्कांनी धरली नसती तर पडली असती. डॉक्टर लोक हीच तपासणी करतात, तिला रॉम्बर्ग टेस्ट म्हणतात. अक्का सातवी शिकल्या आहेत.

नांदेडला जवळ होतं. पण तिथल्या डॉक्टर लेनमध्ये, दवाखान्यांच्या त्या गल्लीत, मला ओळखणारी निम्मी दुकानं, आणि औषधवाल्याची बायको असून इतकं होईपर्यंत काय करत होतात, हा प्रश्न ओळखीच्या माणसाने विचारलेला मला नको होता. हे मी बोलून दाखवलं नाही. लातूरला अक्कांचं घर आहे, सोय होईल, असं म्हणालो. लोहा, अहमदपूर करत एसटीने गेलो. सकाळी गारठा होता. महानंदाने गौरवाची शाल गुंडाळून घेतली होती. उतरताना ती प्रत्येक पायरी डोळ्यांनी पाहून उतरली. मागच्या माणसाने घाई केली तर कंडक्टर म्हणाला, “अरे थांब की, बाईला दिसून न्हाई राहिलं.” तिला दिसत होतं. फक्त दिसतच होतं.

दवाखान्यात बसायच्या खोलीत भिंतीवर एका टॉनिक कंपनीचं घड्याळ होतं. तसलंच माझ्या दुकानातही आहे. बाकड्याच्या कडेला बॅग घेऊन एक ओळखीचा एमआर बसला होता.

“अप्पा, तुम्ही इकडं?”

“सहज,” मी म्हणालो. बायकोचा दंड मी धरलेला होता तेव्हा.

डॉक्टरबाईंनी तपासायला बराच वेळ घेतला. ट्यूनिंग फोर्क नावाचा धातूचा दुबेळका चिमटा असतो. तो ठोकला की कंप पावतो. तो पायाच्या अंगठ्यावर टेकवला. “काही जाणवतंय?” नाही. घोट्यावर. नाही. गुडघ्यावर ती म्हणाली, “थोडं, लांबून.” मग डोळे मिटायला सांगून बाई एकेक बोट वरखाली करायच्या आणि विचारायच्या, वर की खाली. महानंदा दर वेळी उत्तर द्यायची. निम्मी उत्तरं चुकत होती. तिला ते माहीत नव्हतं, मला दिसत होतं.

खाण्यापिण्याची चौकशी झाली. शाकाहार. दूध?

“घरात रोज दोन लिटर येतं,” मी ठामपणे म्हणालो.

“मी चहात घेते तेवढंच,” महानंदा म्हणाली.

“आणि दही?” मी तिला विचारलं.

“तुम्ही खाता की. मला साय, दही बघितलं की उलटून येतं. लग्नाच्या आधीपासून.”

पंचवीस वर्षं एका ताटासमोर बसून ही गोष्ट मला दवाखान्यात कळली. बाईंनी मान खाली घातली. मला वाटतं, त्या हसू लपवत होत्या. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

रक्त दिलं. बी-ट्वेल्व्हचा आकडा किमान पातळीच्या निम्म्यापेक्षा कमी आला. मग मानेचा एमआरआय करायला सांगितला. आत जाण्याआधी तिथला तंत्रज्ञ म्हणाला, “मावशी, अंगावरचं सगळं धातूचं काढा.” बांगड्या निघाल्या, मंगळसूत्र निघालं, जोडवी निघाली. गळ्यातल्या डबीपाशी तिचा हात थांबला.

“हे न्हाई निघत.”

“काढावंच लागतं, मावशी. मशीन ओढून घेतं.”

“मग मशीन राहू द्या.”

तिने हे ओरडून सांगितलं नाही, त्यामुळेच तंत्रज्ञाला काय करावं कळेना. मी काही बोलणार तेवढ्यात अक्कांनी माझा हात दाबला. रेडिऑलॉजीचे डॉक्टर बाहेर आले. त्यांनी ऐकून घेतलं. डबी आणि साखळी बाहेर राहील, आतलं लिंग दगडाचं आणि काळ्या लेपाचं असेल तर बघू, म्हणाले. लोहचुंबक लावून पाहिलं, पुन्हा एकदा यंत्राने तपासलं. ठीक आहे, कपड्यात घेऊन मुठीत धरा, म्हणाले. तेवढं कुणी करत नाही. त्यांनी केलं.

महानंदाने पांढऱ्या फडक्यात लिंग घेतलं, मूठ मिटली. मग तंत्रज्ञाला म्हणाली, “बाळा, मुठीवर चिकटपट्टी लाव. सुटलं तर मला कळणार न्हाई.”

पट्टी लावत असताना ती त्या मुठीकडे पाहत होती. दुसऱ्या कुणाच्या मुठीकडे पाहावं तसं. मशीन अर्धा तास ठकठकत होतं. मी बाहेर बसलो होतो. बिस्किटांचा तो डबा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

फोटोत मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला पांढरट खूण दिसली. त्यानंतर सुरुवातीला लिहिलं तो प्रसंग घडला.

अंड्यांचा विषय निघाला तेव्हा अक्का खुर्चीतून उठल्याच. बाई शांतपणे म्हणाल्या, “खाल्लंच पाहिजे असं मी म्हणत नाही. इंजेक्शन आहे, आणि ते सूक्ष्म जंतूंपासून तयार होतं. तुम्हाला चालेल असंच आहे.” उपासांचं आणि पूजेचं अक्कांनी त्यांना आधीच सांगितलं होतं. त्या महानंदाकडे वळल्या. “आणि ते उपास बंद. तुमचा हात चुकला नाही. हाताला कळलंच नाही.”

महानंदा ढसाढसा रडली. इतके दिवस ती आजारी असल्यासारखी वागत नव्हती, दोषी असल्यासारखी वागत होती. माझा दोष ती स्वतःच्या नावावर घेऊन उपास करत होती.

बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन लाल असतं, डाळिंबाच्या रसासारखं. पहिले आठ दिवस रोज, ते अक्कांच्या घरी राहून. मग आठवड्याला एक, मग महिन्याला एक. पित्ताची गोळी बंद झाली. पहिल्या दिवशीच फरक पडेल असं वाटत असेल तर मनाची तयारी करा. आमच्याकडे पहिल्या महिन्यात मुंग्या वाढल्या. नसा जाग्या होताना असं होऊ शकतं, असं बाई फोनवर म्हणाल्या. जीभ महिनाभरात सुधारली. बोटांवरचा काळेपणा चार महिन्यांनी उतरायला लागला. पाय मात्र आपल्या वेळेने चालले. अंधारात ती अजूनही भिंत धरते.

नायगावला परतल्यावर इंजेक्शन मी दिलं नाही. मला देता येतं, गावात सगळे देतात. पण दर वेळी मी तिला डॉक्टरांकडे नेलं आणि इतरांसारखा नंबर लावून बसलो. बाकड्यावर बसलेला माणूस काउंटरमागच्या माणसापेक्षा जास्त शिकतो, एवढं मी म्हणेन.

बिस्किटांचा डबा रिकामा केला. नष्ट करायच्या मालात त्या पट्ट्या गेल्या. डब्यात आता महानंदा शेंगदाणे ठेवते.

दुकानात मी आता प्रश्न विचारतो. धंद्याला ते चांगलं नाही. शेजारच्या वाडीवरच्या एक म्हाताऱ्या बाई नेहमी येतात.

“अप्पा, रगत वाढायची बाटली दे.”

“आजी, पायाला मुंग्या येतात का? जीभ जळजळते का?”

“आँ?”

“रक्त तपासलंय का कधी? सरकारी दवाखान्यात फुकट होतं. ते करून या, मग देतो.”

“अरे, पोरीच्या सोयरिकीला बी एवढी चौकशी केली न्हाई आम्ही. द्यायची तर दे, न्हाई तर समोर बी मेडिकल हाय.”

त्या समोर गेल्या आणि बाटली घेऊन गेल्या. जाताना मला ती उंच धरून दाखवली. सगळे ऐकतात असं नाही. काही जण कागद घेऊन परत येतात, तेव्हा मी वरची ओळ वाचून थांबत नाही. खालची एमसीव्हीची ओळ बोटाने दाखवतो आणि हे डॉक्टरांना विचारा म्हणतो.

एक गैरसमज नको. गरोदर बायकांना आणि शाळेतल्या मुलींना दवाखान्यातून ज्या लोहाच्या आणि फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मिळतात, त्या घ्याव्यात. त्या विचार करून दिलेल्या असतात. माझ्या गोळ्या तारीख बघून दिलेल्या होत्या. आपण शाकाहारी असाल, वर्षानुवर्षं पित्ताची किंवा साखरेची, म्हणजे मधुमेहाची, गोळी घेत असाल आणि हातापायाला मुंग्या येत असतील, तर बी-ट्वेल्व्ह तपासायला सांगा. रक्त चांगलं आहे म्हणून थांबू नका. आमचंही चांगलं होतं.

राहिली पूजा.

लातूरहून आल्यावर तिने पुन्हा पूजा सुरू केली, पण डोळे मिटायचं धाडस होईना. एके दिवशी मी दात घासत दारात उभा होतो. ती डोळे मिटायची, लगेच उघडायची, पुन्हा मिटायची. मला ते बघवलं नाही. मी चूळ भरून आलो, तिच्यासमोर बसलो आणि माझा हात तिच्या हाताखाली धरला. न लावता, बोटभर अंतर ठेवून.

“तुमचा काय विश्वास हाय का?” ती म्हणाली.

“लिंगावर नसेल. पडण्यावर आहे.”

तिने डोळे मिटले.

त्या दिवसापासून दुकान पंधरा मिनिटं उशिरा उघडायला लागलं. गावात चर्चा झाली की अप्पा देवाला लागले. मी खोडून काढलं नाही. पहिल्या दोन महिन्यांत तीनदा लिंग माझ्या हातात आलं. एकदा इतकं अलगद की तिला कळायच्या आत मी परत ठेवलं. ते मी तिला सांगितलेलं नाही. इथे लिहिलंय, म्हणजे कळेल. नंतर पडायचं थांबलं, तरी हात मी धरतच होतो. सहा महिने उलटले. डॉक्टरबाईंनी दिलेली मुदत संपली होती आणि त्याविषयी आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

सातव्या महिन्यात एका सकाळी नेहमीसारखे बसलो होतो. तिने लिंगावर पाणी घातलं, पान वाहिलं, डोळे मिटले. तळहातावरून एक थेंब मनगटाकडे ओघळत होता. तिच्या कपाळावर बारीक आठी आली, ऐकू येईल न येईल असा आवाज कुठून येतो ते शोधताना येते तशी. बोटं किंचित आत वळली आणि लिंगाच्या कडेला टेकली.

“गार हाय,” ती म्हणाली.

माझा हात तिच्या हाताखाली तसाच होता.

डोळे न उघडता ती पुढे म्हणाली, “तुम्ही हात काढा आता. मला कळून राहिलंय.”

मी हात काढला.